बाळा, सांगितलं का नाहीस?

मैत्रिणींनो, लग्नसराईच्या किंवा दिवाळीच्या खरेदीला कधीच क्रॉफर्ड मार्केटला गेली नाही, अशी आपल्या वसई-विरारकडची बाई विरळाच. मरीन लाइन्सला उतरायचे, लोहार चाळीतून वाट काढत मार्केट गाठायचे, सुकामेवा, डबे, मुलांसाठी काहीबाही घ्यायचे आणि गर्दी व्हायच्या आत परतीची विरार गाडी धरायची, हा आपला ठरलेला क्रम. या धांदलीत मार्केटच्या दारावर मान वर करून पाहायला सवड कुणाला? पण पुढच्या खेपेला क्षणभर थांबा. दारावर दगडात कोरलेली शेतकऱ्यांची चित्रे दिसतील. मार्केट १८६९ साली उघडले. चित्रांची आखणी केली ती समोरच्याच सर जे. जे. कलाशाळेतल्या एका शिक्षकाने. त्यांचे नाव जॉन लॉकवुड किपलिंग.

या मास्तरांचा मुलगा म्हणजे रुडयार्ड किपलिंग. आपल्या मुलांनी दूरदर्शनवर आवडीने पाहिलेला मोगली, वाघ शेरखान आणि बघीरा ज्याच्या ‘जंगल बुक’मधून आले तो लेखक. १९०७ साली त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. इंग्रजीत लिहिणाऱ्याला मिळालेले ते पहिलेच, आणि तेव्हा तो अवघा एक्केचाळीस वर्षांचा होता. साहित्याचे नोबेल इतक्या लहान वयात अजून कुणालाही मिळालेले नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या साहेबाच्या गोष्टीशी आपल्याला काय करायचंय? मोठेपणीच्या साहेबाशी माझेही फारसे सख्य नाही. हा माणूस इंग्रजी साम्राज्याचा कैवारी होता, आपल्याला आपले राज्य चालवता येईल यावर त्याचा विश्वास नव्हता. पण आज मला सांगायचे आहे ते त्याच्या लहानपणाबद्दल. कारण ते वाचताना मला माझ्याच वर्गातला एक मुलगा दिसला, आणि माझ्या हातून घडलेली एक चूक आठवली. ती शेवटी सांगते.

रुडयार्डचा जन्म ३० डिसेंबर १८६५चा, मुंबईतला, कलाशाळेच्या आवारातला. आज तिथे जो ‘किपलिंग बंगला’ दाखवतात ती इमारत नंतरची, पण जागा तीच. आईचे नाव अ‍ॅलिस. आईवडिलांची पहिली भेट इंग्लंडात रुडयार्ड नावाच्या तळ्याकाठी झाली होती, म्हणून मुलाचे नाव रुडयार्ड. त्याच्या पाठची बहीण तीही अ‍ॅलिसच, पण तिला सगळे ट्रिक्स म्हणत.

हा मुलगा दीड वर्षाचाही झाला नव्हता तेव्हा, १२ एप्रिल १८६७ला, विरारहून मुंबईची पहिली लोकल सुटली. म्हणजे आपली गाडी आणि हा मुलगा तसे एकाच वेळचे.

मुलाला सांभाळायला दोन माणसे होती. एक मीता नावाचा हिंदू नोकर आणि एक आया. आया रोमन कॅथलिक, पोर्तुगीज म्हणवणारी. रुडयार्डने म्हातारपणी आत्मचरित्र लिहिले, ते त्याच्या मृत्यूनंतर १९३७ साली छापले गेले. त्याची सुरुवातच त्याने या दोघांपासून केली आहे. त्याची अगदी पहिली आठवण कोणती, तर सकाळचा उजेड आणि खांद्याच्या उंचीला लागणारे पिवळ्या-जांभळ्या फळांचे ढीग. आयेचे बोट धरून तो रोज सकाळी मुंबईच्या फळबाजारात जायचा. वाटेत रस्त्याच्या कडेला एक क्रूस होता. आया तिथे थांबून प्रार्थना करायची, हा शेजारी उभा राहायचा. मीता लहान लहान देवळांत जायचा, तेव्हा त्याचाही हात धरून हा आत जायचा. अंधाऱ्या गाभाऱ्यातले देव त्याला भीतिदायक वाटले नाहीत, ओळखीचे, प्रेमळ वाटले. संध्याकाळी माहीमच्या माडांमधून समुद्रावर फिरणे व्हायचे.

आपल्याकडे गिरीजला, सांडोरला, निर्मळला हे चित्र नवे नाही. वाटेवर क्रूस, चार पावलांवर देऊळ, वर माडांची सळसळ. आपली पोरे दोन्हीकडे हात जोडतच मोठी होतात. म्हणून हा भाग वाचताना मला तो मुलगा परका वाटेचना. आयेचे मात्र नावसुद्धा त्याने लिहिलेले नाही. मीताला नाव आहे, ती नुसती ‘आया’. दुसऱ्यांची मुले वाढवणाऱ्या बायकांच्या वाट्याला बहुधा हेच येते.

दुपारी झोपण्यापूर्वी दोघे त्याला गोष्टी सांगत, बडबडगीते म्हणत. संध्याकाळी कपडे करून आईवडिलांकडे पाठवताना बजावत, ‘आता पप्पा-मम्माशी इंग्रजीत बोलायचं हं.’ मग हा अडखळत इंग्रजी बोलायचा. विचार आणि स्वप्ने सगळी नोकरांच्या बोलीत. ती मनात धरायची आणि तिचे इंग्रजी करायचे. इंग्रजी शाळेत गेलेली आपली मुले पहिल्या वर्षी असेच करतात, नाही का?

तो पाच वर्षांचा झाला आणि हे सगळे संपले.

त्या काळी हिंदुस्थानातल्या इंग्रज कुटुंबांत मूल पाच-सहा वर्षांचे झाले की शिक्षणासाठी ‘घरी’ म्हणजे विलायतेला पाठवायची रीत होती. इथली हवा, इथले ताप-पटकी यांची भीती होतीच. किपलिंगांचे तिसरे मूल १८७० साली जन्मताच गेले होते. शिवाय मूल नोकरांच्या भाषेत वाढते याचीही काळजी. आई वाईट होती म्हणून पाठवले असे नाही. सगळे पाठवत, चांगल्या घरातले तर नक्कीच पाठवत. आपल्याच पोटच्या पोराच्या भल्याचा विचार होता तो.

१८७१ साली सगळे कुटुंब इंग्लंडला गेले. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून एक घर शोधले होते, पोर्ट्समथजवळच्या साउथसी गावात, हॉलोवे नावाच्या कुटुंबाचे. निवृत्त कप्तान, त्यांची बायको आणि मुलगा. पैसे घेऊन ते हिंदुस्थानातल्या साहेबांची मुले सांभाळत. रुडयार्डला सहावे वर्ष अजून पुरे व्हायचे होते, ट्रिक्स तीन वर्षांची. आईवडिलांनी त्यांना तिथे ठेवले आणि ते मुंबईला परत आले. आपण जाणार आहोत, किती दिवसांनी येणार आहोत, हे मुलांना सांगितले नाही. मुले रडतील, निरोप अवघड होईल, त्यापेक्षा न सांगता गेलेले बरे, असा सल्ला त्यांना कुणी तरी दिला होता.

हा सल्ला आपणही किती वेळा ऐकलेला आणि दिलेला आहे! ‘खेळतोय तोवर हळूच निघ.’ ट्रिक्सने सत्तरीत, १९३९ साली आपल्या आठवणी लिहिल्या, तेव्हाही ते दुःख ताजे होते. त्या घरातल्या छळापेक्षासुद्धा आईवडील न सांगता नाहीसे झाले, हे तिला जास्त लागले होते. कालपर्यंत होते नव्हते ते सारे जग एका दिवसात वाहून गेले, आणि का, ते कुणी सांगेना.

कप्तान तसा भला होता, मुलाला फिरायला न्यायचा. पण काही वर्षांतच तो वारला. मग राहिली ती बाई आणि तिचा मोठा मुलगा. ट्रिक्सवर बाईचा जीव होता, तिला मुलीची हौस होती. रुडयार्ड मात्र तिच्या डोळ्यांत सलायचा. बाई कडक धर्मनिष्ठ, उठताबसता नरकाची धमकी. रात्री मुलाला पेंग येत असताना त्याला दिवसभरात काय काय केले ते विचारायचे. सात-आठ वर्षांचे पोर झोपेत काही तरी उलटसुलट सांगणारच. मग ते खोटे ठरायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याची शिक्षा. मोठेपणी त्याने थट्टेने लिहिले आहे की, पुढे आपण गोष्टी रचायला शिकलो त्याचा पाया तिथेच पडला असावा.

त्याला वाचता येऊ लागले आणि वाचणे हे त्याचे एकमेव सुख झाले. ते बाईच्या लक्षात आल्याबरोबर पुस्तक काढून घेणे ही नवी शिक्षा सुरू झाली. मग हा चोरून वाचू लागला. वडिलांनी पाठवलेले ‘रॉबिन्सन क्रूसो’ वाचून त्याने तळघरातल्या ओलसर खोलीत एकट्याचा खेळ मांडला. सामान काय, तर एक पत्र्याची पेटी, खोक्याची एक फळी आणि लाल दोरीत ओवलेली नारळाची करवंटी. त्या थंड, परक्या घरात हा मुलगा करवंटी घेऊन खेळत बसला होता, हे वाचले आणि मला माहीमचे माड आठवले. त्याला ते आठवत होते की नाही, त्याने लिहिलेले नाही.

वर्षातून एकदा, डिसेंबरात, त्याला लंडनला मावशीकडे न्यायचे. मावसा बर्न-जोन्स नामांकित चित्रकार. घर भरलेले, मावसभावंडे, गोष्टी, रंग, हसणे. दारावर घंटा वाजवायची लोखंडी मूठ होती. ती ओढली की सुखाचे दार उघडायचे. महिना संपला की पुन्हा साउथसी.

आता मला सांगा, या मुलाला इतकी मायेची मावशी होती. तो दरवर्षी महिनाभर तिच्याजवळ राहायचा. मग एकदाही त्याने तोंड का उघडले नाही? मावशीने स्वतःच पुढे त्याला हे अनेकदा विचारले. त्याने दिलेले उत्तर प्रत्येक आईने ध्यानात ठेवावे असे आहे. तो म्हणतो, मुले मुक्या जनावरांइतकेच सांगतात, फार तर थोडे जास्त. जे वाट्याला येते ते कायमचेच, जगाची रीतच अशी, असे ती धरून चालतात. आणि ज्यांना मार बसतो त्यांना हेही पक्के ठाऊक असते की, सुटका व्हायच्या आधी तोंड उघडले तर आपले काय होईल.

शेवटी शरीरानेच सांगितले. त्याची दृष्टी कमी होत चालली होती. पुस्तकातले दिसेना, शाळेत अभ्यास घसरला. महिन्याचे प्रगतिपुस्तक इतके वाईट आले की त्याने ते फेकून दिले आणि मिळालेच नाही म्हणून सांगितले. ते उघडकीला आले. मार तर बसलाच, वर पाठीवर ‘खोटारडा’ अशी पाटी लावून त्याला भर रस्त्याने शाळेत पाठवले. मुलाची प्रकृती ढासळली, नसलेल्या सावल्या आणि वस्तू त्याला दिसू लागल्या. मग कुणी तरी त्याचे डोळे तपासायला आले आणि तपासून सांगितले, हा मुलगा जवळजवळ आंधळा आहे.

१८७७ साली आई मुंबईहून आली. पहिल्या रात्री ती त्याच्या खोलीत गेली आणि पापा घ्यायला वाकली. मुलाने झटकन हात वर केला, चेहरा वाचवायला. कुणी जवळ आले की थप्पड बसणार, एवढेच त्याला ठाऊक होते.

आईने दोन्ही मुलांना तिथून काढले ते थेट एपिंगच्या जंगलाकाठच्या एका शेतावर नेले, महिनोन् महिने मोकळे हुंदडू दिले. चष्मा लागला. दुसऱ्या वर्षी तो डेव्हनमधल्या वसतिगृहाच्या शाळेत गेला. तिथले मुख्याध्यापक घरच्या ओळखीचे, त्यांनी या चष्मिस मुलाला आपल्या पुस्तकांच्या खोलीत मोकळीक दिली आणि शाळेच्या मासिकाचे संपादन सोपवले. म्हणजे घरापासून लांब राहणे तेच, पण माणूस वेगळा मिळाला आणि मूल फुलले. ऑक्टोबर १८८२मध्ये, सोळा वर्षांचा होऊन तो मुंबई बंदरात उतरला. वडील तेव्हा लाहोरला होते, तिथल्या वर्तमानपत्रात त्याला नोकरी मिळाली होती. मुंबईचे वास, आवाज आजूबाजूला आले आणि त्याच्या तोंडून आपोआप इथल्या बोलीतली वाक्ये निघू लागली. त्यांचा अर्थ त्यालाच कळत नव्हता! अकरा वर्षे गेली, तरी आया आणि मीताची भाषा जिभेवर तशीच होती.

काही चरित्रकारांना वाटते की त्याने साउथसीचे दुःख जरा रंगवून सांगितले. १८८८ साली त्याने त्यावर एक गोष्टही लिहिली होती, आणि लेखक म्हटला की तिखटमीठ आलेच. असेल. पण बहिणीनेही तेच सांगितले आणि आईने पाहिलेला तो वर गेलेला हात तर खोटा नव्हता.

आता माझी गोष्ट. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. आईवडील दोघे आखातात नोकरीला, मुलगा आत्याकडे. आपल्या भागात हे घरोघरी आहे. आत्या माणूस चांगली, जेवूखाऊ घालणारी, पण तिची स्वतःची दोन मुले आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. मुलगा गप्प, मागच्या बाकावर बसणारा. फळ्यावरचे उतरवून घेताना पानभर चुका. दुसऱ्या चाचणीत नापास झाला आणि प्रगतिपुस्तकावर आत्याची म्हणून स्वतःच सही करून घेऊन आला. मी ती ओळखली. साऱ्या वर्गासमोर त्याला उभे केले आणि म्हटले, ‘‘बघा रे, हा खोटारडा.’’ पाटी लावली नाही एवढेच.

पुढच्या महिन्यात शाळेत नेत्रतपासणी झाली. त्याला पहिल्या ओळीपलीकडचे काही दिसत नव्हते. मी त्याला जवळ घेतले आणि विचारले, ‘‘बाळा, सांगितलं का नाहीस?’’

तो म्हणाला, ‘‘टीचर, मला वाटलं सगळ्यांना असंच दिसतं.’’

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. पुढे किपलिंगचे आत्मचरित्र वाचनालयातून आणले आणि त्यात मावशीला दिलेले ते उत्तर वाचले, तेव्हा पुस्तक मिटून मी कितीतरी वेळ बसून राहिले. दीडशे वर्षांपूर्वीचा साहेबाचा मुलगा आणि माझ्या वर्गातला तो, दोघांनी एकच गोष्ट सांगितली होती. मूल लपवत नाही. काही बिघडले आहे हेच त्याला ठाऊक नसते.

आपल्याला मुले लांब ठेवावी लागतात. कुणाला नोकरीपायी, कुणाला शाळेपायी, कुणाला बाळंतपण, आजारपण म्हणून. ठेवूच नका असे मी म्हणणार नाही, ते कुणाच्या हातात असते? पण चार गोष्टी आपल्या हातात नक्की आहेत.

जाताना सांगून जा. मूल रडेल, रडू द्या. कधी येणार ते त्याला समजेल अशा भाषेत सांगा, ‘गणपतीला येईन’ म्हणा, आणि या.

फोनवर ‘बरा आहेस ना?’ असे विचारू नका. समोर आत्या, मामी बसलेली असते, मूल ‘हो’च म्हणणार. त्यापेक्षा आज काय खाल्लंस, कुणाशेजारी बसलास, झोपताना काय करतोस, असे विचारा. ती मंडळी जवळ नसताना कधीतरी बोला. उत्तरे तोकडी होत चालली तर समजा आणि पहिली गाडी पकडा.

अभ्यास एकाएकी घसरला, मूल पुस्तक नाकाला लावू लागले, डोळे बारीक करून पाहू लागले तर आधी डोळे तपासा, कान तपासा, मग शिकवणी लावा. आणि खोटे बोलले तर ‘का बोललास?’ हे एकट्याला, हळू आवाजात विचारा. चारचौघांत तर नकोच.

चौथी गोष्ट मला आपल्यातल्या दुसऱ्या बायकांना सांगायची आहे. आपल्यापैकी कितीतरी जणी मूल पाठवणाऱ्या नसतात, सांभाळणाऱ्या असतात. भाचा, पुतण्या, शेजारणीचे मूल. पोटच्या दोघांचे करता करता जीव मेटाकुटीला येतो, मला कळतं. मी स्वतः पाच तासांत चाळीस मुलांचे करते. पण आपल्या घरात झोपलेले परके मूल तक्रार करत नाही, याचा अर्थ ते सुखात आहे असा नव्हे. रात्री पांघरूण घालायला गेलात तर पाहा. ते हात वर करतं का, की गळ्यात टाकतं?

माझ्या त्या विद्यार्थ्याची मी त्याच वर्गासमोर माफी मागितली. मुले बघत राहिली, टीचर माफी मागतात हे त्यांना नवीन होतं. आत्याबाईंना निरोप धाडला, त्याच आठवड्यात त्या त्याला घेऊन गेल्या आणि चष्मा करून आणला. पहिल्या दिवशी चष्मा लावून तो खिडकीपाशी उभा राहिला आणि मला म्हणाला, ‘‘टीचर, चिंचेची पानं वेगवेगळी दिसतात!’’

किपलिंग मोठा झाला, पैसा आला, इंग्लंडात त्याने बेटमन्स नावाचे जुने घर घेतले. मावशीचे घर सुटले तेव्हा त्याने तिथली एकच वस्तू मागून घेतली, दारावरची घंटेची ती लोखंडी मूठ. ती त्याने आपल्या दाराला लावली. दारात आलेल्या इतर मुलांनाही ती ओढताना आपल्यासारखेच सुख वाटावे, एवढीच त्याची इच्छा होती.